बाजारातली कूऽऽ

मोहफुलांचा वास आला की मला नागपूरचा तो बाजार आठवतो. अहेरीहून आम्ही तिघी मैत्रिणी सुट्टीत मजा करायला गेलो होतो. शहरात ‘मले-तुले’ करायचं नाही, गावंढळ वागायचं नाही, हा नियम माझाच. सावजी जेवून चपला बघताना एक मैत्रीण गर्दीत हरवली, आणि तिचा फोन माझ्याच पर्समध्ये! तासभर नावानं हाका मारल्या, पण त्या हॉर्नमध्ये बुडाल्या. दुसरी रडकुंडीला आली. शेवटी जंगलात मोह वेचताना देतो तशी लांब ‘कूऽऽ’ मी भर रस्त्यात दिली. लोक वळून बघू लागले. तेवढ्यात बांगड्यांच्या गल्लीतून उत्तर आलं, ‘कूऽऽ!’ ती धावत आली आणि म्हणाली, “मी कवाचीच देणार होती वं, पण तूच नाई म्हटलं होतं ना!” तिच्यासमोर आजही माझ्या तोंडून ‘मला’ निघत नाही, ‘मले’च निघतं.