मधल्या वाफ्यातलं सोयाबीन

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोला सांगेन सांगेन म्हणेपर्यंत ती गेली. आता करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये दिवसदिवस आवाज नसतो — म्हणून तुम्हाला सांगतोय. की आता लाज वाटावी असं माणूसच उरलं नाही, म्हणून?

पनवेलजवळ एका बियाणे कंपनीच्या शेतावर मी सहायक होतो. तीन वाफे, सोयाबीनचे तीन वाण. इथल्या पावसात कोणता वाण कसा वाढतो, ते पाहायचं. दर सोमवारी रोपांची उंची मोजायची, फुलं कधी आली ते वहीत लिहायचं. एवढंच काम. मदतीला डोंगराकडच्या वाडीवरची हिराबाई. रोपाशी ती अशी वाकायची — जणू तापातल्या लेकराचं अंग बघतेय.

त्या श्रावणात मी तीन सोमवार शेतावर गेलोच नाही. आजारी नव्हतो. चिखलात उतरायचा कंटाळा — दुसरं काय? तेव्हा खांदा कॉलनीत राहायचो. खोलीत बसून आकडे लिहिले. तिन्ही वाण छान वाढवले.

हिराबाईनं फोन केला होता. "सायेब, मधला वाफा वाढतच नाय. पाणी साचलंय, पिवळा पडलाय. येऊन बगा ना."

"बघतो," म्हणालो.

मग एक दिवस मोठे साहेब अचानक आले. वहीत मधलं सोयाबीन गुडघ्याच्या वर, शेतात जेमतेम वीतभर. त्यांनी विचारलं, हे काय?

आणि मी — कितीदा मनात इथवर येऊन थांबलोय — म्हणालो, "मापं हिराबाई घेते. ती सांगते तेच मी लिहितो."

ती शेजारीच खुरपत होती. साहेबांना सोडून माझ्याकडे वळली. "मी फोन केलता ना, सायेब?"

"कुठला फोन?"

बस्स. हे दोन शब्द.

तिनं खुरप्याचा चिखल पाटाच्या पाण्यात धुतला, खुरपं बांधावर ठेवलं आणि निघाली. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको सांगितलं गेलं.

मधल्या वाफ्याला शेंगा धरल्याच नाहीत. पाणी साचून वाढ खुंटली — तिचंच म्हणणं मी अहवालात लिहिलं, खाली माझी सही केली. साहेब म्हणाले, निरीक्षण चांगलं आहे.

पुढे चार वर्षं मी तिथेच होतो. तिची वाडी चालत वीस मिनिटांवर. मी गेलो नाही.