बिनपावतीची पेटी

१४ ऑक्टोबर. आज चकल्या पॅक करायच्या होत्या. अमेरिकेतल्या कॅरीहून आइंडहोवनला पोचेपर्यंत भुगा होऊ नये म्हणून मी त्या चिप्सच्या उभ्या, रिकाम्या डब्यांत एकावर एक रचते आणि वर टिश्यू कोंबते. मोहन तेलाचं घातलं होतं, कारण दुधालोण्याचं काही पोस्टाने युरोपात जात नाही. डबे माझ्या मैत्रिणीसाठी होते. नेदरलँड्समध्ये आम्ही वर्षानुवर्षं समोरासमोर राहिलो. तिच्या घराची किल्ली माझ्या जुडग्यात असायची आणि माझ्या घराची तिच्या.

हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर टाकून तिला लावला. चकल्यांचं निमित्त होतं, काम वेगळं होतं. मला कोर्टासाठी तिची साक्ष हवी होती.

झालं होतं ते असं. आमच्या मुलीला हार्मोनियम हवी होती. जर्मनीत एक मराठी गृहस्थ भारतातून वाद्यं मागवून विकायचे. मैत्रिणीने त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं, मलाही बोलावलं. अळूची भाजी वाढता वाढता पेटी ठरली. ते मला वहिनी म्हणाले, मी त्यांना दादा म्हटलं. मी पावतीचं विचारलं, तेव्हा मैत्रीण हसली. "अगं, आपल्या माणसाकडे पावती मागतेस? पूर्ण डच झालीस तू." मग मी गप्प बसले. पैसे पाठवताना दादा म्हणाले, "वहिनी, ॲपवर घरच्यांसाठी असतो त्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली' पर्यायातून पाठवा, कमिशन वाचेल." तेही केलं. एरवी मी दुकानातून साधी बॅटरी घेतली तरी पावती फाइलला लावते.

पेटी आली ती भाता फाटलेली आणि अर्धे सूर मुके. दादा म्हणाले, परत पाठवा, दुरुस्त करून देतो. मी स्वखर्चाने पाठवली. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं.

युरोपात याला एक बरा मार्ग आहे. विकणारा दुसऱ्या देशात असला तरी ग्राहकाला आपल्याच गावच्या कोर्टात लहान रकमेचा दावा लावता येतो. वकील लागत नाही, काम बहुतेक कागदावर चालतं. आम्ही अमेरिकेत यायच्या थोडं आधी मी तो लावला. दाखल केला त्या दिवशी मी तिथली रहिवासी होते, तेवढं पुरेसं होतं. आता दाव्याचं सगळं इथून, मुख्यतः नवऱ्याच्या टेबलावर पसरून चालायचं.

गेल्या आठवड्यात दादांचं उत्तर आलं. मी व्यापारी नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. या बाईंशी आमचे घरच्यासारखे संबंध आहेत. मुलीला शिकायला म्हणून मी माझी जुनी पेटी वापरायला दिली, ती त्यांनी परत केली, कुरिअरची नोंद सोबत आहे. त्यांनी पाठवलेले पैसे ही घरगुती मदत होती, म्हणून तर ते 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून आले.

वाचून मला राग आला, पण घाबरले नाही. त्या जेवणाला तिसरं माणूस हजर होतं.

"तू फक्त झालं ते लिहून दे," मी तिला म्हटलं. "त्यांनी किंमत सांगितली, मी हो म्हटलं, एवढंच. डचमध्ये लिही, म्हणजे भाषांतराचा खर्च नको."

मागे तिच्या कुकरची शिटी झाली.

"मी दिलंय लिहून," ती म्हणाली.

"कोर्टाला? कधी?"

"कोर्टाला नाही. त्यांना."

मी हातातली चकली खाली ठेवली. "काय लिहिलंस?"

"हेच, की व्यवहाराचं काही माझ्या कानावर आलं नाही. पेटी वापरायला दिली असावी. असावी असं लिहिलंय गं, दिली असं नाही."

"तुझ्याच टेबलावर किंमत ठरली."

"तू गेलीस अमेरिकेत. आम्हाला इथंच राहायचंय. मंडळाच्या गणपतीची मूर्ती त्यांच्या कंटेनरमधून येते. ह्यांच्या दुकानाचा अर्धा माल त्यांच्याकडून येतो. तुला काय, तुम्हा दोघांना पगार आहेत. एका पेटीने काय अडलं तुझं?"

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. पण मला दुसरा साक्षीदार शोधायला वेळ मिळाला असता. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. "बरं, ठेवते," म्हटलं आणि ठेवला.

नंतर चकल्यांचे डबे झाकणं लावून ओट्यावर ओळीने ठेवले. काम अर्धवट टाकायची मला सवय नाही.

संध्याकाळी मी त्या दिवसांतले तिचे मेसेज शोधले. जेवणाच्या दुसऱ्या दिवशीचा सापडला: 'अभिनंदन! पेटी बुक झाली एकदाची. त्यांना म्हटलं, माझी मैत्रीण आहे, भाव नीट लावा. दोनशे युरो कमी करून घेतले मी, आता मला पार्टी हवी.' पुढे लाडूंची चित्रं. हा मेसेज मी आजवर कोर्टाला दिला नव्हता. ती स्वतः बोलणार होती, मग तिचं खासगी बोलणं कशाला दाखवायचं, असं वाटलं होतं.

नवऱ्याने तो दोनदा वाचला. "हा जोडलास तर ती खोटं बोलली हे कोर्टासमोर येईल."

"हो."

"आणि नाही जोडलास तर?"

"तर मी खोटं बोलले असं येईल."

त्याने फोन मला परत दिला. मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आई, डू आय इव्हन वाँट द पेटी एनीमोर?" मी म्हटलं, तुला नको असेल तर नको, पण पैसे देऊन घेतली होती हे मला हवंय.

१५ ऑक्टोबर. सकाळी मेसेजचं डच भाषांतर केलं. लाडूंची चित्रंही शब्दांत लिहिली. मैत्रिणीला दोन ओळी पाठवल्या: 'तुझा पेटीबद्दलचा मेसेज आज कोर्टाला देते आहे. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून सांगितलं.' तिने वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. पोस्टात जाऊन कोर्टाचं पाकीट रजिस्टर केलं आणि पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. चकल्यांचे डबे गाडीच्या मागच्या सीटवर होते. ते ऑफिसात नेऊन ब्रेकरूममध्ये उघडून ठेवले. जेवायच्या सुट्टीपर्यंत संपले.