दुःखाच्या घरून निघताना

मित्रांनो, जर्मनीतून शिकून परवा कायमचा गावी, जवळा बाजारला परतलो, तेव्हा कळलं की माझा जिगरी दोस्त सचिन गेला. माझी परीक्षा होती म्हणून घरच्यांनी लपवलं होतं.

आज बाबांसोबत त्याच्या आईला भेटायला गेलो. निघताना सवयीनं तोंडून गेलं, "येतो काकू."

दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, मुकाट्यानं उठायचं असतं. बाबांनी डोळे वटारले.

काकू मात्र दारापर्यंत आल्या. "सारे न बोलताच उठून जाऊन राहिले, लेकरा. तू तरी येतो म्हनला. कधी येतो मग?"

आमचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. तुम्ही काय सांगितलं असतं?