बुजवलेली विहीर

थेरगावात आमच्या चाळीमागे सार्वजनिक विहीर होती. शेजारच्या खोलीत एक मेकॅनिक राहायचा. त्याच्या बायकोला सगळी चाळ भाभी म्हणायची. नवरे कामावर गेले की आम्ही दोघी पाणी शेंदायला जायचो. तिची लहानगी मुलगी आपली छोटी कळशी घेऊन मागोमाग यायची.

एका पावसाळ्यात संडासाची टाकी तुंबली आणि घाण विहिरीकडे झिरपली. पाण्याला वास यायला लागला. आम्ही फडकं दुहेरी करून गाळायचो, तेवढंच सुचलं. मग घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझी दोन्ही मुलं वाचली. भाभीच्या मुलीला सकाळी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. दुपारी तिला चादरीत गुंडाळून परत आणलं, तेव्हा भाभीनं तिचं तोंड माझ्याच पदरानं पुसलं.

त्यानंतर नगरपालिकेचा नळ आला. बायकांनी नळाला हळदीकुंकू वाहिलं. भाभी आली नाही, म्हणून तिची घागर मीच भरून नेली. ती त्या नितळ पाण्याकडे बघत राहिली.

"ताई, हे आधी का नाही आलं?"

मी घागर तिथंच ठेवून घरी आले.

विहिरीवर आता कुणी जात नव्हतं. भाभी मात्र रोज जायची. एका दुपारी मी तिच्यामागे गेले. काठावर वाकून ती हाक मारत होती, "बेटी, ओ बेटी!" खालून आवाज परत आला.

"ऐकलंत, ताई? ओ देते ती."

तुझाच आवाज आहे गं, असं म्हणणार होते. पण मलाही तो बारीक वाटला, लहान मुलीसारखा.

विहीर बुजवायला माणसं आली तेव्हा ती ट्रकसमोर उभी राहिली. मुकादम भला माणूस. त्यानं इंजिन बंद करायला लावलं. "जा बाई, बघून घ्या," म्हणाला. या वेळी तिनं हाक मारली नाही. काठावर नुसती कान देऊन बसली. मग आपणच उठली.

"टाका," म्हणाली.

राडारोडा कोसळताना तिनं माझं मनगट इतकं आवळलं, की बांगडी पिचली.

पुढं भाभी आणि तिचा नवरा चिखलीला गेले. त्यानं तिथं गॅरेज टाकलं, तिला मुलगा झाला, असं कानावर आलं. इकडे दर पावसाळ्यात विहिरीच्या जागची जमीन खचायची. माणसं मुरूम टाकून सपाट करायची, पुढच्या पावसात खळगा पुन्हा दिसायचा. चाळीत धुणं वाळत घालायला जागा नव्हती, तरी तिथं कुणी दोरी बांधली नाही.