रंगाऱ्याची डुबकी

वारा पडला होता. रंगारी सकाळपासून बोटीवर रंग फवारत होता. फवारा सुरू झाला की श्वास रोखायचा, ही त्याची वीस वर्षांची सवय. आता मालक म्हणाला होता, पाण्याखाली उतरून बोटींचे तळही घासायचे, नाहीतर दुसरं काम बघ.

शिकवणारी त्याची पाणबुडी वहिनीच होती; तिने त्याच्या पाठीवर हवेची टाकी बांधली. "भावजी, खाली टाकीतली दाबाची हवा घेऊन श्वास रोखून वर पळालात तर फुफ्फुस फाटेल!"

दोन माणसं एकावर एक उभी बुडतील एवढ्या खोलीवर ते पोचले. सवयीने त्याचा श्वास थांबला, आणि वर येण्यासाठी तो पाय झाडू लागला. वहिनीने त्याचा पट्टा धरून पोटात गुद्दा हाणला, तेव्हा बुडबुडे सुटले.

"जमलं की!" वर आल्यावर वहिनी म्हणाली.

"कसलं जमलं, जीव गेला होता!"

"उद्या पुन्हा."

बोटीवर परतून त्याने नाकाला फडकं बांधलं आणि या वेळी श्वास न रोखता, घेत, सोडत फवारा सुरू केला.