संकेश्वरीची बुट्टी

आमच्या घरी मार्चच्या अखेरीस चटणी कुटतात. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेलं लाल तिखट, वर्षभर पुरेल एवढं. दरवर्षी आई जायची आणि मी मागे डबे धरून उभी राहायची. गेल्या वर्षी आईचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी एकटी गेले. निघताना तिने बजावलं, "डंकाजवळून हलू नकोस. आधीच्या बाईची चटणी आत राहिली असेल तर पुसून घ्यायला लाव. आणि तोंड उघड जरा, नाहीतर सगळ्या जणी तुझ्या पुढं घुसतील."

तोंड उघडणं मला जड जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी. मी वाक्य आधी मनात जुळवून बघते, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. शिवाय मी उंच आहे, केस बारीक कापलेले असतात आणि अंगात बहुतेक वेळा शर्ट. रिक्षावाले मला 'भावा' म्हणतात, दुकानदार 'बोला पावणं'. पावणं मला आवडतं, त्यात कुणीही मावतं. बाकीच्यांना मी दुरुस्त करायला जात नाही.

कांडपाचं दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत ओळीने डंक, म्हणजे लोखंडी उखळं आणि त्यांत विजेवर खालीवर आदळणारी मुसळं. हवेत मिरचीची धूळ. आल्याबरोबर प्रत्येक बाई शिंकते आणि मग जरा वेळाने विसरते. तिथे माणसांची रांग नसते, भांड्यांची असते. भिंतीकडेने पातेली, डबे, घमेली एकामागे एक ठेवायची आणि आपण कुठेही बसायचं. भांडं पुढे सरकलं की आपण पुढे सरकलो. ही पद्धत मला फार सोयीची वाटते. मी आमचा डबा रांगेत ठेवला आणि एका पोत्यावर बसले.

"ए पोरा," पलीकडून एक म्हातारी म्हणाली. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर पातेलं. भांडं रांगेत सोडण्याइतका तिचा कुणावर विश्वास नसावा. "आईला पाठवायचं सोडून तू कशाला आलास बायकांत?"

"आईचा पाय मोडलाय," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

"मग बस. पन शिकून घे. बायकू आली की उपेगी पडंल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तेवढ्यात बाहेर एक टेम्पो थांबला.

टेम्पोतून एक बाई उतरल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, सुती साडी नीट पिना लावून नेसलेल्या, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. टेम्पोवाल्याने त्यांच्या हातात दोन डबे दिले, मग बुट्टी काढायला वळला. बुट्टी म्हणजे आमच्याकडची बांबूची टोपली. वळता वळता तो आमच्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "ही बुट्टी कुनाकडं देऊ, म्याडमकडं का सायबांकडं?" दारातले दोघे हमाल फिदीफिदी हसले.

बाईंनी डबे खाली ठेवले. "तुझ्या आईला बहीन हाय का रं?"

"हाय की."

"तिला काय म्हनतोस?"

"मावशी."

"मग तिच्याच वयाची हाय मी. मावशी म्हन. लाजतोस काय एवढा?"

हमाल आता टेम्पोवाल्याला हसत होते. त्याने कान खाजवले. "घ्या मावशी," म्हणत त्याने बुट्टी आत आणून ठेवली आणि वर विचारलं, "जाताना थांबू का?" मला त्या क्षणी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत. बाई चिडल्या नव्हत्या, त्यांनी हात जोडले नव्हते. त्याने काय म्हणावं हे त्याला सुचत नव्हतं, ते त्यांनी सुचवलं होतं.

पण आतल्या बायकांना काही सुचवायची गरज पडली नाही, कारण त्यांचं आधीच ठरलं होतं. शुक्रवार होता. हिरव्या बांगड्या, साडी, असा देह आणि सोबत बुट्टी. आमच्या भागात यल्लम्मादेवीला वाहिलेल्या जोगत्यांना फार मान असतो. पुरुषाच्या देहात जन्मून साडी नेसलेला जोगती मंगळवारी किंवा शुक्रवारी दारात आला, तर देवीच आली असं समजून बायका त्याच्या परडीत, म्हणजे देवीच्या टोपलीत, धान्य घालतात, हळद लावून घेतात. म्हातारीने मांडीवरचं पातेलं खाली ठेवलं, उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले.

"आई आली बघा. उदं गं आई!"

लगेच एकीने आपलं पातेलं मागे ओढलं. "आई, तुमी पुढं या. तुमाला कुटला नंबर!"

"नको हो," बाई म्हणाल्या. "माजी बुट्टी मागंच ऱ्हाऊ दे. नंबर आला की येतो मी."

आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो' असंच म्हणतात. शाळेत त्यावरून छडी मिळायची.

त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि सहज विचारलं, "एकटीच आलीस व्हय गं?" त्या शेडमध्ये मला बरोबर ओळखणाऱ्या त्या पहिल्याच. मी मान हलवली. त्यांना काय म्हणावं हे मला ठरवता येईना. अशा माणसांसाठी शाळेच्या पुस्तकात एक शुद्ध शब्द होता, पण तो शेजारी बसलेल्या माणसाला हाक मारायच्या उपयोगाचा नव्हता. शेवटी मी 'ताई' म्हणाले. त्यांना ते चाललं.

बोलायचं काम त्यांनीच केलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या कँटीनमध्ये त्या स्वयंपाक करतात. खोली घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. माहेर राधानगरीकडे. माहेर हाच शब्द त्यांनी वापरला.

"रविवारी आई येनार हाय. माज्या खोलीवर पयल्यांदाच," त्या म्हणाल्या. "काल फोनवर म्हनली, येताना चटनी आनू का? मी म्हनलं, नको, माजी कुटून झालीया. तोंडातनं गेलं की गं! आता आज कुटायलाच पायजे."

"मग त्यांना काय कळणार, आज कुटली की आधी?"

"कवा कुटली ते नाही कळायचं. कशी कुटली ते बोटावर घेतल्या घेतल्या कळंल." त्यांनी बुट्टीवरचं फडकं बाजूला केलं. आत लांब, बारीक, केशरट लाल मिरच्या होत्या. "नुसती संकेश्वरी. आमच्या घरात ब्याडगी घालत न्हाईत. रंगाला भुलायचं न्हाय म्हनती आई. देठं काढायला मीच बसायचो तिच्याजवळ. भावांना ठसका यायचा." घरातून निघाल्यापासून ही चटणी त्यांनी खाल्ली नव्हती. माप कुणाला विचारलेलं नव्हतं, सगळं आठवून आठवून घेतलं होतं. "चुकली तर ती बोलनार न्हाय. गप जेवंल आनि सोमवारी जाईल. बोलली म्हंजे जमलं."

मग त्यांचा फोन वाजला. शेडमध्ये डंकांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून "बघ गं जरा बुट्टीकडं" असं म्हणून त्या बाहेर गेल्या.

त्या दारातून बाहेर पडल्या आणि म्हातारी उठली. कनवटीची पुडी सोडून तिने चिमूटभर हळद बुट्टीवर टाकली, नमस्कार केला, आणि आपल्या पातेल्यातल्या मिरच्यांची ओंजळ भरून बुट्टीत ओतली. काळपट, सुरकुतलेली ब्याडगी. तिच्यामागे दुसरी उठली, तिने लवंगीची मूठ टाकली. तिसरी पदर सावरत येतच होती.

मी उभी राहिले. या वेळी वाक्य जुळवायला थांबले नाही. "आजी, नका घालू. ती परडी नाही, त्यांच्या चटणीची मिरची आहे."

"गप रं पोरा," म्हातारी म्हणाली. "देवाच्या कामात तुला काय कळतंय?"

"अहो, त्यांची आई—"

"आईचंच तर हाय समदं!" आणि तिसरीची ओंजळही पडली.

मी बुट्टीवर आडवा हात धरला. तेवढंच सुचलं. तोवर त्या परत आल्या होत्या. त्यांनी बुट्टीकडे पाहिलं. केशरट मिरच्या वर कुठे दिसतच नव्हत्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आता रडतील, किंवा बुट्टी तिथेच उपडी करून निघून जातील. तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

त्या खाली बसल्या. म्हातारीने पायाला हात लावायला वाकावं तोच त्यांनी तिचे हात धरून तिला शेजारी बसवलं.

"आजी, जोगती म्हंजे लई मोठं काम. उपास, पायी जानं, दारोदार परडी. माज्यानं झालं नसतं. मी कँटीनात भात लावतो. आज रजा काढून चटनी कुटायला आलोय."

म्हातारी गोंधळली. "मंजे? तुमी देवीचं न्हाय?"

"देवीचं समदीच की. पन ही बुट्टी माजी हाय. परवापतोर ह्यात कांदं व्हतं."

कुणीतरी खुदकन हसलं. म्हातारी मात्र घाबरली होती. "मग माझं घातलेलं? देवाला दिलेलं परत घेत न्हाईत, बाई."

"परडीतलं घेत न्हाईत. कांद्याच्या बुट्टीतलं घ्यायला काय हुतंय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "माजी आई येनार हाय, आजी. लई वर्सांनी. तिच्या हातची चटनी हाय ही. तुमची ब्याडगी चांगली हाय, पन त्यात पडली तर ती तिची ऱ्हात न्हाय."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, हात जोडण्याआधी पाहायला हवं होतं तसं. मग तिने आपल्या पिशवीतला जुन्या लुगड्याचा धडपा काढून जमिनीवर पसरला.

"वता हितं. ए, तू पन ये. लवंगी कुनाची? तुजीच न्हवं? मग येच की भवाने, लांबनं काय बघतीस?"

बुट्टी धडप्यावर रिकामी झाली आणि सगळ्या जणी भोवती बसल्या. मीही बसले. ब्याडगी सुरकुतलेली, लवंगी बोटाच्या पेराएवढी, संकेश्वरी लांब आणि सरळ. ओळखायला अवघड नव्हतं, पण बोटं आणि डोळे पेटले होते. निवडता निवडता बायकांच्या चौकशा सुरू झाल्या. कुठं राहतीस, भाडं किती, पाणी कधी येतं. थोड्या वेळापूर्वी जिला 'आई' म्हणून वाट देत होत्या, तिला आता 'अगं' म्हणत होत्या. एकीने विचारलंच, "हे असं... घरात कवा कळलं गं?" त्या म्हणाल्या, "ते चटनीत घालत न्हाईत, वैनी." बाकीच्यांनी विचारणारीचीच टर उडवली आणि विषय संपला.

म्हातारीने खोबऱ्याचा डबा उघडून पाहिला. "एवढंच खोबरं? आनि तीळ ह्ये एवढं? अगं, चटनी हाय का लाडू?"

"आमच्यात असंच घालत्यात."

"राधानगरीचं तुमचं असंच. नुसता पाऊस आनि तीळ." आणि रांगेतलं पुढचं पातेलं पायाने सरकवत ती म्हणाली, "आता ह्या पोरीला पयलं कुटू द्या. न्हायतर सांच्यापतोर तीळ खवट हुतील."

या वेळी त्या पुढे गेल्या. डंकाजवळ उभं राहून मुसळाखाली मिरची पडताना बघत होत्या. चाळण झाल्यावर चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. ठसक्याने मिटले की कशाने, मला समजलं नाही. म्हातारीने न विचारता त्यांच्या डब्यात बोट घातलं, चाटलं आणि म्हणाली, "बरी हाय." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ असावं. निवडून काढलेल्या आपल्या मिरच्या तिने पातेल्यात परत घातल्या नाहीत. त्या पदराला बांधल्या. जाता जाता देवळात ठेवणार होती.

त्यानंतरचा सोमवार. आईसाठी शेवग्याच्या शेंगा आणायला मी मंडईत गेले होते. पालेभाज्यांच्या ओळीत त्या ताई दिसल्या. त्यांच्या दंडाला धरून एक ठेंगणी म्हातारी चालत होती. तिचं नाक आणि त्यांचं नाक एकच. मी पलीकडच्या टोपलीशी थांबले.

भाजीवाली त्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. काय बघते आहे ते सगळ्यांनाच कळत होतं. शेवटी तिने म्हातारीलाच विचारलं, "आज्जी, ही कोन तुमची? लेक का सून?"

म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या नाकाशी धरून वास घेत होती. "लेक," ती म्हणाली. "सून असती तर चटनीत कोथमीर घालायला इसरली नसती." आणि जुडी भाजीवालीच्या अंगावर टाकत म्हणाली, "ही शिळी हाय. ताजी काढ."

ताईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. त्या हसत होत्या.