लांब शिट्टी म्हणजे हात वर

रिटायरमेंटनंतर माझी पोस्टिंग डिलाईल रोडला झाली. ती काढली मीच. एकवीस वर्षं आर्मीत मेडिकलला होतो, नर्सिंग असिस्टंट. हवालदार म्हणून बाहेर पडलो. चाळीत मला सगळे 'मेजर' म्हणतात. हवालदार आणि मेजर यांच्यात किती पायऱ्या असतात ते आधी समजावून सांगायचो, आता सोडून दिलंय.

फौजी म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात बंदुकीपेक्षा बँडेज जास्त वेळ राहिलं. ट्रेनिंग सेंटरला आमचे एक उस्ताद होते. त्यांचा सगळा क्लास शिट्टीवर चालायचा. लांब शिट्टी झाली की पेशंटवरचे हात वर. दोन तुटक शिट्ट्या झाल्या की पुन्हा सुरू. पहिल्या आठवड्यात मी शिट्टीआधीच डमीला हात लावला. उस्तादांनी माझ्या बोटांवर बूट ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मारना बिना सीटी के, बचाना सीटी पे." पंधरा दिवस मला त्या हातानं पेन धरता येत नव्हतं. तरी मी त्यांना शिव्या घातल्या नाहीत. आठ-दहा जखमी एकदम आले की वीस हात एकाच माणसावर पडतात आणि बाकीचे तसेच मरतात. हे पुढे डोळ्यांनी बघितलं आणि उस्ताद बरोबर होते हे पटलं.

अशोक तांबे मला युनिटमध्ये भेटला. लान्स नाईक, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. गाव खेडजवळचं, पण वाढला आमच्याच डिलाईल रोडला, पलीकडच्या चाळीत. वडील मिलमध्ये, माझेही मिलमध्ये. एवढी वर्षं एका गल्लीत राहून आम्ही ओळख करून घेतली ती अकरा हजार फुटांवर. मी शिस्तीचा, तो तोंडाळ. मी चिडलो की म्हणायचा, "हवालदारसाब, बीपी बघा जरा."

एकदा सकाळी सात वाजता रस्त्यावरून आमच्याच कंपनीची गाडी खाली दरीत गेली. एक जवान तेवढा जिवंत हाती लागला, तोही अँब्युलन्समध्ये घेताना गेला. मी मागे त्याची छाती दाबत होतो. वळणं अशी की दर मिनिटाला माझं डोकं पत्र्यावर आपटत होतं. तांब्या पुढे स्टिअरिंगवर होता आणि मोठ्यानं मोजत होता, "एक, दोन, तीन..." तिसापर्यंत जायचं, पुन्हा एकपासून. त्याच्या मोजण्यावर माझे हात चालले. असे सहा किलोमीटर. पोचल्यावर डॉक्टरसाहेब मागून गाडीत चढले, त्यांनी बघितलं आणि मान हलवली. मी हात काढले. तांब्याची पाठ आमच्याकडे होती, त्याला कळलं नाही. तो मोजतच राहिला. अठरापर्यंत ऐकलं, मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून तो एकच गोष्ट सांगायचा, "शिट्टी नको रे. मोजायला शिकव."

मी ऐकलं नाही.

मुंबईला आल्यावर मी एका संस्थेची इन्स्ट्रक्टरची परीक्षा दिली आणि चाळीच्या व्यायामशाळेत प्रथमोपचाराचा क्लास सुरू केला. दर रविवारी सकाळी आठ ते अकरा. सहा रविवार पुरे, मग लेखी आणि प्रॅक्टिकल. पास झाला त्याला दोन वर्षांचं सर्टिफिकेट. डमी एकच होती, तिचं नाव पोरांनी बंड्या ठेवलं होतं. तांब्याही रिटायर होऊन गल्लीत परतला होता, जखमी माणूस म्हणून जमिनीवर आडवा व्हायचं काम त्याच्याकडे होतं. सिक्युरिटीची नाईट करून तो सरळ यायचा, चटईवर पडायचा, बऱ्याचदा खरंच झोपायचा. कोणी खांदे थोपटून "काका, ऐकू येतंय का?" विचारलं की एक डोळा उघडून म्हणायचा, "चहा आला काय?" सगळा क्लास फिदीफिदी हसायचा आणि मी ओरडायचो, "तांब्या, मेलेल्या माणसानं बोलायचं नाही!"

मी गोड बोलून शिकवत नव्हतो. शिट्टीशिवाय कोणी बंड्याला हात लावला की चार माळे वर-खाली, तीनदा. एका शिक्षिकेला दोनदा फेल केलं, ती रडली. मी म्हटलं, "बाई, रडून मेलेला उठत नाही." निलेश नावाचा बँकेतला क्लार्क दम लागून जिन्यातच बसला, त्याला तिथून पुन्हा खाली पाठवला. लोक मागे मला काय म्हणत होते ते मला ठाऊक आहे. आयचा घो त्यांच्या. काम शिकत होते ना!

सायली राणे या सगळ्यांत वेगळी. सव्वीस वर्षांची, परळला एका लॅबमध्ये रक्त घ्यायची. हात पक्का. छाती दाबायची दोन इंच म्हणजे दोन इंच, मिनिटाला एकशे दहा म्हणजे एकशे दहा. तिला एकदाही जिना चढावा लागला नाही. परीक्षेत पहिली आली. सर्टिफिकेट देताना मी कोणाची पाठ थोपटत नाही, तिची थोपटली. तांब्या म्हणाला, "हवालदारसाब, हिला आर्मीत पाठवा, तुमच्या जागी."

गणपतीत लालबागच्या एका मंडळानं रांगेसाठी आमचं पथक मागितलं. तिथं काय असतं ते मला माहीत होतं. प्रत्येक दोरीवर कार्यकर्ता आणि प्रत्येकाच्या तोंडात प्लॅस्टिकची शिट्टी. म्हणून गणपतीआधीचे दोन रविवार मी पथकाचा वेगळा सराव घेतला. चार जणांना बंड्याभोवती उभं केलं आणि कानाशी प्लॅस्टिकच्या शिट्ट्या फुंकायला लावल्या. त्यावर थांबला तो फेल. माझी शिट्टी स्टीलची, आर्मीतून आणलेली, जाड आवाजाची. "फक्त ही ओळखायची. बाकी जग गेलं खड्ड्यात. ही लांब वाजली की हात वर, ही दोनदा वाजेपर्यंत हात खाली येता कामा नये." सायलीचे डोळे बांधले तरी चुकली नाही. मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी मी मंडपाच्या गेटवर होतो, कंट्रोलला. पोस्ट तीन रांगेच्या शेवटाकडे, गर्दी नसेल तर तीन मिनिटांची चाल. तिथं सायली, निलेश आणि तांब्या. दुपारी दोन वाजता तांब्या गेटवर पाणी प्यायला आला होता. म्हणाला, "छातीत जरा भरल्यासारखं होतंय रे." एकवीस वर्षं मेडिकलला काढलेला माणूस मी. मी म्हटलं, "आज प्रॅक्टिस नाही, नाटकं पुरे. पोस्टवर जा." तो "येस सर" म्हणून सलाम ठोकून गेला.

तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी वॉकीटॉकी वाजला. निलेशचा आवाज होता.

"कंट्रोल, पोस्ट तीन. माणूस पडलाय. श्वास नाही. सायलीनं दाबायला घेतलंय. ओव्हर."

"वय?"

नुसती खरखर.

"वय सांग, पोस्ट तीन!"

"सर, तांबेकाका आहेत."

मी अँब्युलन्सला सांगितलं आणि धावलो. धावलो कसला, माणसांत घुसलो. समोर बायका, लहान मुलं, हार, नारळ, खांद्यावर बसलेली पोरं. ओरडून कोणी हलेना. मी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. जाड आवाज, लोक दचकून बाजूला झाले. वाट मिळाली. मग मी ती तोंडातून काढलीच नाही. दम असेपर्यंत लांब फुंकायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा लांब.

पोचलो तेव्हा तांब्या पाठीवर होता, शर्टाची बटणं उघडी. सायली त्याच्या बाजूला गुडघ्यांवर. पाठ ताठ, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर. निलेश तिच्या समोर, तोही तसाच. दोघं माझ्याकडे बघत होते. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात वर.

मी तिला ढकललं आणि स्वतः दाबायला लागलो. ओरडलो, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा, "कोणी सांगितलं थांबायला? कोणी?"

ती माझ्या कानाशी हळूच बोलली, "सर, तुम्ही."

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तांब्याच्या बरगड्या माझ्या हाताखाली मोडल्या, तो आवाज मला ओळखीचा आहे. अँब्युलन्स तीन बावन्नला आली. हॉस्पिटलमध्ये चार वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी त्याला मृत घोषित केलं. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारलं, मध्ये थांबले नसते तर? त्यांनी माझा गणवेश बघितला, नावाची पट्टी बघितली. म्हणाले, "सांगता येत नाही." तेवढंच.

रांगेतल्या कोणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो डिलाईल रोडच्या प्रत्येक मोबाईलवर पोचला. त्यात माझा ओरडा स्वच्छ ऐकू येतो. सायलीचं 'तुम्ही' ऐकू येत नाही. शिट्टी ऐकू येते, पण तिथं पन्नास शिट्ट्या होत्या, कोणाला काय कळणार? मी तो व्हिडिओ कितीदा बघितला ते विचारू नका. पंचेचाळीस सेकंद ती दाबते आहे, एकदम बरोबर. मग एक मिनिट पन्नास सेकंद हात वर.

चाळीत बोलणं सुरू झालं. "सर्टिफिकेटवाली पोरगी बघत बसली." "पहिली आली होती म्हणे!" तिच्या आईला नळावर बायका टाकून बोलल्या. सायलीनं कोणाला काही सांगितलं नाही. निलेश गप्प राहिला, कारण मी गप्प होतो. शिस्तच तशी लावली होती मी.

आणि मी? मी रोज संध्याकाळी तांब्याच्या घरी जात होतो. वहिनींकडे कागदपत्रं, पेन्शनचे फॉर्म, सगळं मीच बघत होतो. त्या चहा करायच्या, मी प्यायचो. तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "त्या राण्यांच्या पोरीला सांगा, माझा राग नाही. घाबरली असेल बिचारी." मी म्हटलं, "सांगतो." नाही सांगितलं. गोळीबारात जखमी उचलायला मी पुढे गेलेला आहे, त्याचं पदक घरात आहे. पण त्या पोरीच्या दारापर्यंत दोन जिने माझ्यानं चढवले नाहीत. थू माझ्यावर.

दहाव्या दिवशी व्यायामशाळेत जलदान विधी झाला. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली तांब्याचा गणवेशातला फोटो. भन्तेजींची वंदना झाली, लोक आदरांजलीचं बोलायला उठू लागले. माझं नाव पुकारलं. सायली दाराजवळ उभी होती, भिंतीला टेकून. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. दोन वाजता तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. तीन बेचाळीसला मेसेज. माझी शिट्टी. लांब शिट्टीचा अर्थ. "तिनं हुकूम पाळला. हुकूम माझा होता." एवढं बोलून बसलो.

वहिनी उठल्या, माझ्यासमोर आल्या.

"भावजी, दहा दिवस?"

"हो."

"दहा दिवस ती पोर माझ्या नजरेला नजर देत नव्हती. आणि तुम्ही माझ्या हातचा चहा पीत होता."

मी मागे वळलो तेव्हा सायली दारात नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून एक लिफाफा आत सरकवलेला मिळाला. आत तिचं सर्टिफिकेट होतं, मधोमध नीट फाडलेलं.

पाच महिने व्यायामशाळेला कुलूप होतं. मग एका रविवारी आठला दहा कमी असताना सायली आली. चावी मागितली. तिच्याबरोबर सात-आठ जण होते, निलेशही. म्हणाली, "क्लास मी घेणार. सही तुमची लागेल, म्हणून तुम्ही यायचं. शिट्टी आणायची नाही."

"आणि?"

मी कुलूप काढलं तशी तिनं आतल्या चटईकडे बोट केलं. "ती जागा रिकामी आहे."

मी चप्पल काढली आणि आडवा झालो. फरशी थंड होती. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली, खांदे जोरात थोपटले, जरुरीपेक्षा जोरात. "काका, ऐकू येतंय का?" मला सर म्हणायची ती. मी डोळे उघडले. तिची माफी मागायची होती, पाच महिने तोंडात घोळत होती. मी तोंड उघडलं.

"मेलेल्या माणसानं बोलायचं नाही," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. ती बंड्याकडे वळली आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिच्यामागे सगळे मोजायला लागले. मी वर बघत होतो. व्यायामशाळेच्या छताला एका कोपऱ्यात ओल आलीय आणि पंख्याचं एक पातं वाकडं आहे. इतक्या रविवारांत मला ते कधी दिसलं नव्हतं. लान्स नाईक अशोक तांबे दोन वर्षं दर रविवारी हेच बघत पडून असायचा.